लहान मुलांना घेऊन कोकण किनाऱ्याची सफर

थंडी पडू लागली की आपल्या भागातल्या कुटुंबांना समुद्राचे वेध लागतात. शाळेची सहल असो, नाताळची सुट्टी असो की परीक्षेनंतरचा मे महिना असो, उंब्रज, मसूर, तारळे, चाफळ या पंचक्रोशीतून गाड्या भरून लोक कोकणात उतरतात. आपल्याला रस्ताही सोयीचा आहे. उंब्रजहून चरेगावमार्गे मल्हारपेठ, तिथून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. पुढे ४५ किलोमीटरवर गुहागरचा समुद्र. सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला किनाऱ्यावर असतो.

जाण्याआधीच्या आठवड्यात दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. ‘डॉक्टर, पोरीला गाडी लागते, गोळी द्या’ हा पहिला आणि ‘तिकडचं पाणी बाधू नये म्हणून काहीतरी लिहून द्या’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्या गोष्टीने मुलाच्या जिवाला खरा धोका असतो, त्या समुद्राच्या पाण्याविषयी मला आजवर फार थोड्या पालकांनी विचारले आहे. म्हणून या लेखात प्रवासाचे, खाण्यापिण्याचे आणि समुद्राचे असे तिन्ही विषय क्रमाने घेत आहे.

कार्यक्रम मुलाच्या सोयीने आखावा

मोठ्या माणसांचा हिशेब असा असतो की एवढे पेट्रोल जाळून गेलोच आहोत, तर दोन दिवसांत गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि जमल्यास मार्लेश्वरही उरकून घेऊ. तीन वर्षांच्या मुलाला यातले काहीच नको असते. त्याला वाळू, पाणी, वेळेवर जेवण आणि दुपारची झोप हवी असते. या चारांपैकी झोप आणि जेवण चुकले की मूल किरकिरे होते, खात नाही, पाणी पीत नाही आणि परत येते ते तापच घेऊन.

पाच वर्षांखालील मूल बरोबर असेल तर चार-पाच दिवसांत मुक्कामाची ठिकाणे दोनच ठेवावीत. उदाहरणार्थ, पहिले दोन मुक्काम गुहागरला करावेत. तिसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळला यावे आणि फेरीबोटीने गाडीसह जयगडला उतरून गणपतीपुळे गाठावे. मुलांना या सगळ्या प्रवासात बोटीचीच मौज सर्वांत जास्त वाटते. बोटीवर मात्र मुलाचा हात सोडू नये. चौथ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीकडे जावे. हा रस्ता समुद्राला लागून जातो आणि वरून दिसणारे दृश्य डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. तिथे गाडी उभी करायची ती रस्त्याच्या पूर्ण बाहेर, आणि मुलाला दरीच्या बाजूने उतरवायचे नाही. परतताना आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूडमार्गे कराडला येता येते.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, लहान मुलांना घेऊन ही सफर करू नये. घाटात धुके आणि दरडी, आणि खाली खवळलेला समुद्र. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी.

गाडी लागणे

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. गाडी वळते, हिसका बसतो, तेव्हा हे इंद्रिय मेंदूला ‘आपण हलतो आहोत’ असे कळवते. मागच्या सीटवर खाली बसलेल्या मुलाला मात्र समोर फक्त पुढच्या सीटची पाठ दिसते, आणि डोळे मेंदूला ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, जांभया, उलटी असा क्रम सुरू होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. दोन वर्षांखालील बाळांना सहसा होत नाही. तान्ह्या बाळाला गाडीत वारंवार उलट्या झाल्या तर त्याचे कारण दुसरे असू शकते, ते डॉक्टरांना दाखवावे.

कारण कळले की उपाय आपोआप कळतो. मुलाला असे बसवावे की समोरचा रस्ता आणि लांबचा डोंगर दिसेल. घाटात मोबाईल, चित्रांचे पुस्तक बंद. मोबाईल हातात दिला की पोर गप्प बसते हे खरे, पण पोफळी येण्याआधी उलटीही होते. काच थोडी खाली ठेवावी. गाडीत अगरबत्तीचा किंवा सुगंधी डबीचा उग्र वास नको. चालकाला वळणावर वेग कमी ठेवायला आधीच सांगावे.

उपाशी पोटी निघू नये आणि पोटभर खाऊनही निघू नये. वडा, मिसळ, भजी, भरपूर दूध हे घाटाच्या आधी टाळावे. राजगिऱ्याची वडी, साळीच्या लाह्या, बिस्किटे, भाकरीचा तुकडा असे कोरडे आणि थोडे द्यावे. सकाळी साडेसहाला निघून कोयनानगरला न्याहारी केली, मुलांना अर्धा तास मोकळे फिरू दिले आणि मग घाट उतरला, तर बहुतेक मुलांना गोळीची गरजच पडत नाही. मोठ्या मुलांना आलेपाकाची वडी चघळायला दिली तर काहींना बरे वाटते.

गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना मुलाचे वय आणि वजन सांगून लिहून घ्यावी आणि निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते. एक गोष्ट ठळकपणे सांगतो. अ‍ॅव्होमिन या नावाने सर्वांना माहीत असलेले प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलाला कदापि देऊ नये. त्याने श्वास मंदावून जीव धोक्यात येऊ शकतो. ‘मोठ्याची गोळी, चतकोर करून दिली’ हा प्रकार घरोघरी चालतो, तो बंद झाला पाहिजे.

घाट उतरताना हवेचा दाब वाढतो आणि मुलांचे कान दडे बसतात. तान्हे बाळ त्या वेळी रडते. अशा वेळी गाडी बाजूला थांबवून त्याला अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट घ्यायला लावावे. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात. मुलाला सर्दी किंवा कान फुटण्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

मांडीवरचे मूल

आपल्याकडे पुढच्या सीटवर वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या मांडीवर मूल बसवण्याची हौस फार. गाडी एकदम थांबली तर दहा किलोचे मूल कितीही घट्ट धरले तरी हातातून निसटते, कारण त्या क्षणी त्याचा जोर त्याच्या वजनाच्या कित्येक पट झालेला असतो. पुढे एअरबॅग असेल तर तिच्या तडाख्याने लहान मुलाचा जीवही जाऊ शकतो. लहान मुलाची जागा मागे. त्याच्यासाठी मिळणारी खास खुर्ची पट्ट्याने बांधून घ्यावी आणि त्यात त्याला बसवावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर १,००० रुपये दंड आहे. सात जणांच्या गाडीत वडापसारखी बारा माणसे कोंबली तर यातले काहीच साधत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक. ‘पोर झोपलंय, झोपू दे, आम्ही दर्शन घेऊन येतो’ असे म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

कोकणातली उष्णता वेगळी

आपण देशावरची माणसे कोरड्या उन्हाला सरावलेली. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, आणि वाळताना अंग थंड करतो. कोकणात हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण अंग थंड होत नाही. त्यामुळे पारा कराडपेक्षा कमी असूनही मूल तिथे लवकर मलूल होते. मुलांचे अंग वजनाच्या मानाने पसरट असल्याने बाहेरची उष्णताही ती जास्त शोषतात.

म्हणून समुद्रावर जायचे ते सकाळी नवाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. सुती सैल कपडे, डोक्यावर टोपी, आणि मूल मागो न मागो दर अर्ध्या तासाने पाणी. मात्र सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी अजिबात देऊ नये. उन्हाळ्यातही आईच्या दुधात त्याला पुरेल एवढे पाणी असते. आईने स्वतः जास्त पाणी प्यावे.

खाणेपिणे आणि जुलाब

प्रवासातले बहुतेक जुलाब पाण्यातून, बर्फातून, कापून ठेवलेल्या फळांतून आणि मोठ्यांच्या न धुतलेल्या हातांतून येतात. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे, पुढे मुक्कामी उकळून घ्यावे किंवा सीलबंद बाटली घ्यावी. गरम, समोर शिजलेले अन्न सुरक्षित. मुलाने कधीच न खाल्लेली कोळंबी, खेकडा, तिसऱ्या हे प्रकार सफरीत प्रथमच देऊ नयेत. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते, आणि ती रात्री अनोळखी गावात उद्भवलेली बरी नव्हे.

जुलाब लागलेच तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. सलाईन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. त्यांच्या देखरेखीखालील छावणीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ३.६ वर आले. हेच साधे पाणी आज पुडीत मिळते.

एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. अर्धी पुडी ग्लासात, अंदाजाने घातली तर फायद्याऐवजी अपाय होतो. तयार पाणी २४ तासांनंतर फेकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्यावरील मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शहाळे चांगले, पण त्यात मीठ पुरेसे नसते, म्हणून ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत.

मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त आले किंवा पाजलेले काहीच टिकेना, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

समुद्र

आता मुख्य विषय. आपल्यातले कित्येक बाप कृष्णेत, तारळीत किंवा विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले आहेत. त्यामुळे ‘मला पोहता येतंय, पोराला काय होतंय’ असा भरवसा असतो. समुद्र नदीसारखा वागत नाही. नदीचा ओढा डोळ्यांना दिसतो. समुद्रात किनाऱ्यावर आलेले लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत खेचले जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत आणि पोहण्याजोगी वाटते. ओहोटी लागल्यावर, खडकांच्या कडेला आणि खाडीच्या मुखाशी ही ओढ जास्त असते. गणपतीपुळ्याचा समुद्र धोक्याचा म्हणून ओळखला जातो. तिथे आजवर पोहणारे कित्येक जण बुडाले आहेत. तिथल्या सूचनांच्या पाट्या आणि जीवरक्षकांचे सांगणे शोभेसाठी नाही.

भरती-ओहोटीचा ठोकळ हिशेब तिथीवरून करता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला किंवा घरमालकाला विचारावेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी चढतेही जास्त आणि ओढतेही जास्त. हेदवीला बामणघळ ही खडकातली अरुंद घळ आहे. भरतीच्या वेळी तिथे लाट उंच उसळते आणि ती पाहायला गर्दी होते. मुलांना घेऊन त्या ओल्या खडकांवर जाऊ नये. लांबून पाहावे.

लहान मुलासाठी नियम थोडे पण कडक असावेत. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंतच. मूल हाताच्या अंतरावर, म्हणजे हात लांब केला की धरता येईल इतके जवळ. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि कोण कोणाकडे पाहणार हे पाण्यात उतरण्याआधी नाव घेऊन ठरवलेले. आठ मोठी माणसे किनाऱ्यावर असताना मूल दिसेनासे होते, कारण प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. त्या माणसाच्या हातात मोबाईल नको आणि पोटात दारू नको. हवेची ट्यूब हे खेळणे आहे. वारा आणि ओहोटी मिळून ती मुलासकट आत नेतात.

बुडणारे मूल ओरडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तोंड पाण्याच्या पातळीला असते, श्वास घ्यायलाच फुरसत नसते, मग हाक कोठून मारणार? मिनिट-दोन मिनिटांत मूल मुकाट्याने खाली जाते.

दुर्दैवाने तसे घडले तर काय करावे? मुलाला उलटे टांगू नये, डोक्यावर घेऊन फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी छातीत शिरते. एकाने लगेच १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने मुलाला कठीण जागेवर उताणे निजवून तोंडातली वाळू, फेस झटकन पुसावा, हनुवटी किंचित वर करावी, नाक चिमटीत धरून आपल्या तोंडाने सावकाश पाच श्वास द्यावेत. प्रत्येक श्वासाला छाती वर येते का ते पाहावे. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी हाताच्या तळव्याने, छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दबेल असे, सेकंदाला साधारण दोन या गतीने तीस वेळा दाबावे, मग दोन श्वास, पुन्हा तीस वेळा. मदत येईपर्यंत थांबू नये. मूल शुद्धीवर आले, रडू लागले, तरी त्याला रुग्णालयात नेऊन काही तास देखरेखीखाली ठेवलेच पाहिजे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास नंतर वाढू शकतो.

जेलीफिश डसली तर अंग चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून, तो भाग मुलाला सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरावा. वेदना शमतात. श्वासाला त्रास झाला तर दवाखाना.

विंचू

कोकणातला लाल विंचू आपल्याकडच्या काळ्या इंगळीपेक्षा घातक, आणि लहान मुलांना तर फारच. त्याच्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी ग्रामीण भागात काम करताना या दंशाचा अभ्यास केला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर गुणकारी ठरते हे १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. त्यामुळे असंख्य मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पालकांनी एवढेच करायचे की मुक्कामी मुलांचे बूट, कपडे, अंथरुण झटकून घ्यायचे आणि रात्री अंगणात अनवाणी सोडायचे नाही. दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता थेट रुग्णालयात न्यावे.

बरोबर काय घ्यावे

थर्मामीटर, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेतलेले पॅरासिटामॉल, ओआरएसच्या चार पुड्या, जखमेसाठी मलम व पट्टी, चिमटा, मच्छरदाणी, मुलाचे नेहमीचे औषध आणि लसीकरणाचे कार्ड. दम्याच्या मुलाचा पंप सामानाच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवावा. वाटेवर पाटण आणि गुहागरला ग्रामीण रुग्णालय, चिपळूणजवळ कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय, डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि रत्नागिरीला शासकीय जिल्हा रुग्णालय आहे. मुक्कामी पोहोचल्यावर जवळचे कोणते आणि किती लांब, हे घरमालकाला त्याच दिवशी विचारून ठेवावे.

मुलाला ताप असेल, धाप लागत असेल किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर सफर पुढे ढकलावी. समुद्र पुढच्या महिन्यातही तिथेच असतो. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर कोकणात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे हिवताप, डेंग्यू वगैरेंचा विचार वेळेवर करता येतो. एवढी काळजी घेतली तर मुलांना घेऊन अवश्य जावे. लाटेमागे पळणारे आपले मूल पाहणे हा आनंद पालकांनी चुकवू नये, फक्त पाहताना ते हाताच्या अंतरावर असावे.